भोंग्याच्या वेळचा पियानो

दुधारेवाडीत संध्याकाळी सातला भैरोबाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातल्या साऱ्या यंत्रांची तोंडं बंद होतात. टीव्ही बंद, मोबाईल बंद, देवळातला स्पीकरसुद्धा बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, बायकांनी एकमेकींच्या ओट्यावर बसून बोलायचं. बाप्यांनी काय करायचं ते मात्र कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते पारावर बसून एकमेकांची तोंडं बघतात. ही सगळी करणी आकाराम सुभेदाराची. करोनात शाळा मोबाईलवर आली, पुढे शाळा परत शाळेत गेली, पण मोबाईल काही पोरांच्या हातातून सुटेना. तेव्हा सुभेदारानं ग्रामसभेत उभं राहून हा नियम मंजूर करून घेतला. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, तीही सिग्नलमध्ये. तो बोलायला लागला की गाव आपोआप सावधान उभं राहायचं.

नियम मोडला की मोबाईल जप्त. रात्रभर देवळातल्या लोखंडी कपाटात त्याचा मुक्काम, आणि सकाळी चारचौघांत 'चुकलो' म्हटल्यावर परत. कपाटाची किल्ली सुभेदाराच्या करदोट्याला. रोज सातला तो ग्रामसभेनं नेमलेल्या कमिटीची चार माणसं घेऊन गस्तीला निघायचा आणि आळीआळीतून कान देत फिरायचा. सुभेदाराचा कान मोठा तिखट. बर्फात बंकरमध्ये बसून वायरलेसच्या खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढण्यात त्याची ज्वानी गेली होती. गोधडीखाली लपवलेला मोबाईल त्याला रस्त्यावरून ऐकू यायचा.

या नियमात कुणालाच सवलत नव्हती. कमिटीतल्याच नाथाजीचा बाप, सगळे त्याला तात्या म्हणायचे, अर्ध्या अंगावरून वारं जाऊन पडून होता. संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लागायचं, तेवढाच त्याचा जीव रमायचा. नाथाजी म्हणाला, "सुभेदार, तेवढं म्हाताऱ्याला बघू द्या. आवाज बारीक करतो."

"आज पडलेल्या मानसाला सवलत दिली, की उद्या निम्मं गाव हातरुनात पडंल," सुभेदार म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं टीव्हीची पिन उपसली. तात्याला नीट बोलता येत नव्हतं. अर्ध्या तोंडानं तो कायतरी ओरडत राहिला, लाळ गळत राहिली. त्या उन्हाळ्यात तात्या गेला. नाथाजी त्यावर एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात तो परत गस्तीला हजर. सुभेदाराला वाटलं, गडी विसरला. माणसं इतक्या सहज विसरत असती तर काय हवं होतं!

त्यानंतरच्या दिवाळीत सुभेदाराची बायको मनुबाई हिचं दुखणं बाहेर आलं. छातीत सुरू झालेला कॅन्सर हाडांत उतरला होता, पाठीच्या मणक्यात आणि डोक्याच्या कवटीतही. कराडच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि सुभेदाराला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, त्रास कमी कसा होईल तेवढं बघू. दंडावर लावायच्या औषधाच्या पट्ट्या दिल्या. दिवसभर त्या पट्ट्यांवर निभायचं. पण दिवेलागण झाली की दुखणं उठायचं, आणि मनुबाई खाटेच्या माच्याला धरून डावी-उजवीकडे मान हलवत राहायची.

पुण्याहून शिवांजली आली. सुभेदाराची ही एकुलती एक पोरगी पुण्यात एका स्टुडिओत आवाजाचं काम करायची. मालिकांतल्या बायकांच्या बांगड्या किती वाजायच्या आणि दार किती जोरात आपटायचं, हे ठरवणारी. बापाचा कान तिच्यात आला होता, फक्त तो तिनं जप्तीसाठी वापरला नव्हता. बिनपगारी रजा टाकून, कपड्यांच्या एका पिशवीसह आणि पावाएवढ्या एका स्पीकरसह ती आली, आणि आईच्या खोलीत चटई टाकून राहिली.

शेजारणी म्हणाल्या, भजनं लावा, जिवाला बरं वाटंल. शिवांजलीनं लावली. मनुबाईनं दोन अभंग ऐकून घेतले आणि म्हणाली, "बंद कर गं. भजन ऐकलं की भाईर तिरडी बांधाय लागल्यात आसं वाटतंय." मग जुनी सिनेमातली गाणी लावून बघितली. त्यांनी ती रडायला लागली, कारण कुठलं गाणं कुणाच्या लग्नात वाजलं होतं ते तिला आठवायचं आणि त्यातली निम्मी माणसं मेलेली होती.

एका दुपारी आई झोपली असं समजून शिवांजलीनं स्वतःसाठी म्हणून पियानो लावला. नुसता पियानो, सोबत दुसरं काही नाही. एका परदेशी वादकाची म्हातारपणची बैठक होती, मैफिलीतच टिपून घेतलेली. फार सावकाश वाजवत होता तो. एक सूर सोडायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचा, घाई म्हणून नव्हती. शिवांजली भाकरीचं पीठ मळत होती. आतून आवाज आला, "ही पेटी हाय व्हय?"

"पेटी नव्हं आई, पियानो. तुला नको आसंल तर बंद करते."

"ऱ्हाऊ दे. ह्यात कुनी काय मागत न्हाई."

शिवांजली पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. आईचं कपाळ सैल झालं होतं. कित्येक आठवड्यांत तिनं ते तसं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून ते चालू झालं. शिवांजलीनं रीतसर, एखाद्या लहान पोराला अक्षर ओळखायला शिकवावं तसं आईला ऐकायला शिकवलं. खरं तर शिकवायला फार काही लागलं नाही. मनुबाईनं जन्मभर गोठ्यातल्या म्हशीच्या श्वासावरून तिचं दुखणं ओळखलं होतं. तिला त्या रेकॉर्डिंगमध्ये वादकाचा श्वास पहिल्याच दिवशी ऐकू आला. "दमतोय बघ त्यो," ती म्हणाली. "बसायचं स्टूल बी कुरकुरतंय. एवढा मोठा मानूस, एक धड स्टूल देऊ नये व्हय त्याला?" मध्यावर, जिथं सूर अगदी बारीक होतात तिथं, ऐकणाऱ्यांत कुणीतरी खोकतं. शिवांजलीच्या धंद्यात असला खोकला काढून टाकतात. इथं तो ठेवला होता, आणि मनुबाईला तोच फार आवडायचा. "आला बघ," ती बोट वर करून म्हणायची. मग थोड्या वेळानं, "बरा झाला आसंल का गं त्यो पुढं?"

त्याच वादकानं तरुणपणी स्टुडिओत वाजवलेली तीच चीज शिवांजलीनं एकदा मुद्दाम लावून दाखवली. लखलखीत, एक सूर इकडचा तिकडं नाही, खोकला नाही, श्वास नाही. मनुबाईनं पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "ह्यो हुशार हाय. पन ह्याचं अजून काय दुखल्यालं न्हाई." शिवांजलीनं पुण्यातल्या संगीताच्या जाणकारांच्या चर्चा ऐकल्या होत्या, तासतास चालणाऱ्या. तिला आईचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी ही आता थोड्या दिवसांची, हे आठवलं.

रात्री झोपेसाठी दुसरं काही लावायची. त्यात वाद्य असं ओळखू येत नव्हतं. कुणीतरी एका रिकाम्या मोठ्या इमारतीतला आवाज टेपवर घेऊन तो ताणून ताणून लांब केला होता. एक लांबलचक गुंजन, खाली टेपची बारीक खरखर, मधूनच दूर कुठंतरी दार लागल्यासारखा धप्प आवाज. मनुबाई म्हणायची, माहेरी लांबच्या मळ्यात गुऱ्हाळाचं इंजिन असंच ऐकू यायचं. ते ऐकत ती डोळे मिटायची.

सुभेदार हे सगळं सोप्यात बसून ऐकायचा. सुरुवातीला म्हणाला, "हे काय, साहेब लोकांच्या मयताचं वाजवतीस?" पोरीनं ते चालूच ठेवलं. चार दिवसांनी तो पेपर तोंडासमोर धरून बसला होता आणि पान बराच वेळ उलटलं नव्हतं. त्या खरखरीनं त्याला धरलं होतं. बंकरमध्ये रात्रीच्या रात्री त्यानं तीच खरखर ऐकली होती, कुणी बोलतंय का म्हणून. इथं कुणी बोलणार नव्हतं, तरी ऐकत बसावंसं वाटत होतं. हळूहळू दुपारचा तो खाटेशेजारी येऊन बसायला लागला. नवरा-बायकोनं लग्नानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकत्र बसून काही ऐकलं असेल तर ते एवढंच. तो सुट्टीवर यायचा तेव्हा विहीर, जमीन, भावकी, आणि गेला की पत्रं. आता तो तिचा हात हातात घेऊन बसायचा आणि खोकला आला की दोघं एकमेकांकडे बघायची. म्हातारपणी का होईना, सुख मिळालं म्हणायचं. मिळालं ते मरणाच्या दारात.

अडचण एवढीच, की मनुबाईची सगळ्यात वाईट वेळ आणि भोंग्याची वेळ एकच होती.

कानात घालायचे इअरफोन शिवांजलीनं आणून बघितले होते. कवटीच दुखरी, त्यात कानात बोळा घातला की मनुबाई घुसमटायची, ओरबाडून काढून टाकायची. मग पोरीनं बापाला न विचारता ठरवून टाकलं. सातला भोंगा झाला की खोलीच्या खिडक्या लावायची, दाराच्या फटीला पोतं सारायची आणि स्पीकर खाटेखाली ठेवून बारीक आवाजात तो म्हातारा वादक लावायची. सुभेदाराला हे ठाऊक होतं. गोधडीखालचा मोबाईल ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातला पियानो ऐकू येणार नाही होय? पण तो बोलला नाही. फक्त गस्त आता त्याच्या आळीत शिरायच्या आधीच पारावरून वळायला लागली. कमिटीतल्या माणसांना कळलं, नाथाजीला तर सगळ्यांत आधी कळलं. त्याचं घर पलीकडचंच. कुणीच काही बोललं नाही आणि सुभेदारानं समजूत करून घेतली, की कुणाला माहीतच नाही.

अशात शिराळ्याकडच्या दोन गावांचे सरपंच आणि त्यांच्यासोबतची माणसं भोंग्याचा नियम बघायला आली. असली माणसं अधूनमधून यायची, सुभेदार त्यांना फेटे बांधायचा आणि गावातून फिरवायचा. त्या दिवशी संध्याकाळपासून लाईट गेलेली. भोंगा बॅटरीवर वाजला आणि गाव असं चिडीचूप झालं, की पाहुण्यांच्या चपलांचा आवाज पाहुण्यांनाच मोठा वाटायला लागला. सुभेदार खुशीत होता. "एक आवाज ऐकू आला तर मिशी उतरवीन," तो म्हणाला.

"सुभेदार, तुमचं घर कुठल्या आळीला?" एक सरपंच म्हणाला. "ज्यानं नियम केला त्याचं घर तरी बघू की."

नाही म्हणायला कारण नव्हतं. गस्त सुभेदाराच्या आळीत वळली.

घरात पंखा बंद. मनुबाई दुखण्याच्या घामानं चिंब झाली होती, तिला श्वास पुरत नव्हता. शिवांजलीनं खिडक्या उघडल्या होत्या. स्पीकर बॅटरीवर चालू होता. आळीच्या तोंडाशीच तो पियानो ऐकू आला, एकेक सूर सुटा, थांबत थांबत येणारा. अंधारात तो जवळ वाटत होता. पाहुणे थांबले. "कुठंतरी वाजतंय," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "चांगलं वाजतंय गड्या."

तेवढ्यात नाथाजी पुढं झाला. "आजारी मानूस हाय पाव्हनं त्या घरात," तो म्हणाला. "कमिटीनंच सवलत दिलीया. चला फुडं."

असली सवलत कुणी दिलेली नव्हती. नाथाजी खोटं बोलला, ते सुभेदाराची अब्रू झाकायला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, कुत्सितपणा नव्हता, काहीच नव्हतं. टोमणा मारला असता तर सुभेदार हसून पुढं गेला असता. पण तात्याच्या टीव्हीची पिन उपसणाऱ्या माणसाला तात्याच्या पोरानं माफ करावं, तेही परक्या माणसांसमोर, हे त्याला सोसवेना. उपकार घ्यायची सवयच नव्हती त्याला. "सवलत कुनालाच न्हाई," तो म्हणाला आणि ताडताड घरात शिरला.

मनुबाई खिडकीकडे तोंड करून पडली होती. बॅटरीच्या उजेडात तिनं नवऱ्याला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. "आलासा?" ती म्हणाली. "बसा. आता त्यो खोकनार हाय."

सुभेदारानं खाटेखालचा स्पीकर उचलला, उशाजवळचा शिवांजलीचा मोबाईल उचलला आणि आवाज बंद केला. खोकला यायचा राहिला.

"आबा, काय करताय?" शिवांजलीला खरं वाटेना.

"साडेआठला देतो. रातभर ठेवत न्हाई."

"आबा, तिला आत्ताच उठलंय. निदान आज तरी..."

"भाईर पाव्हनं हायेत."

शिवांजलीनं त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं आणि तो बाहेर गेला. पाहुण्यांना म्हणाला, "नियम म्हंजे नियम. पयला घरचा." नाथाजी जमिनीकडे बघत होता. स्पीकर आणि मोबाईल देवळातल्या कपाटात गेले, किल्ली करदोट्याला गेली, आणि मंडळी पारावर चहाला बसली.

चहा निम्मा झाला नसेल तोवर पहिली किंकाळी आली. माणसाच्या घशातून इतका मोठा आवाज निघतो हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं. मग ती थांबेनाच. मध्ये दम घ्यायला खंड पडायचा आणि परत. ते सगळ्या गावाला ऐकू गेलं, कारण गावात दुसरा आवाजच नव्हता. ना टीव्ही, ना पंखा, ना गाणं. दोन वर्षं राबून सुभेदारानं जी शांतता तयार केली होती, तिच्यातून त्याच्या बायकोचं ओरडणं शेवटच्या वस्तीपर्यंत गेलं. कंदिलाशी अभ्यासाला बसलेल्या पोरांनी पुस्तकं मिटली. ओट्यावरच्या बाया उठून आत गेल्या. पाहुण्यांनी कप खाली ठेवले, "येतो सुभेदार" म्हणाले आणि गाडी सुरू करून निघून गेले.

नाथाजी उभा राहिला. "किल्ली द्या. मी नेऊन देतो."

सुभेदार हलला नाही.

"आवं सुभेदार, किल्ली द्या की! वैनी मरंल!"

"साडेआठला," सुभेदार म्हणाला.

आता या माणसाला काय म्हणावं? किल्ली कमरेला होती. कपाट दहा पावलांवर होतं. सारं गाव त्याला सवलत द्यायला तयार होतं, हात जोडून तयार होतं. आणि हा बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. आत त्याचं काळीज फाटत होतं हे खरं, पण फाटणाऱ्या काळजाचा कुणाला काय उपयोग! एकदा शब्द तोंडातून गेला की गेला, एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि तेवढंच तो शिकला होता.

साडेआठचा भोंगा झाला. कपाट उघडून तो धावत सुटला. त्या वयात, अंधारात, एक चप्पल वाटेत टाकून, स्पीकर आणि मोबाईल छातीशी धरून. घरात गेला तेव्हा मनुबाई गप्प पडली होती. घसा बसला होता, केस कपाळाला चिकटले होते. शिवांजली तिच्या पायाशी बसली होती. तिनं बापाकडं बघितलं नाही.

"लाव," सुभेदार म्हणाला. "लाव गं पोरी. मोठ्यानं लाव."

शिवांजलीनं लावला. पहिले चार सूर आले. मनुबाईनं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बंद कर."

"आई, तुझाच हाय त्यो. म्हाताऱ्याचा."

"बंद कर म्हनते न्हवं. लोकं ऐकत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार देवळात गेला. मोबाईल सोडवायला आलेल्या पोरांच्या रांगेत उभा राहिला आणि पाळी आल्यावर म्हणाला, "चुकलो." कुणी हसलं नाही. ग्रामसभा भरवायची गरजच पडली नाही. वैनीला हवं तेव्हा, हवं तेवढं वाजवा, असं गावानं उभ्या उभ्या ठरवलं. बाया घरी येऊन मनुबाईला सांगून गेल्या. नाथाजी उंबऱ्यापाशी येऊन म्हणाला, "वैनी, लावा तुमी. आमाला बी ऐकू द्या जरा." मनुबाई त्याच्याकडे बघून हसली आणि शिवांजलीला म्हणाली, नाथाजीला च्या कर.

पण संध्याकाळ झाली, दुखणं उठलं आणि शिवांजलीनं स्पीकर काढला, तशी ती मान हलवायला लागली. नको. तिनं लुगड्याचा पदर गोळा करून तोंडात घातला, दातांत धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. साडेआठपर्यंत तिच्या तोंडून हुंकारसुद्धा निघाला नाही. नाकानं श्वास घ्यायची, तेवढाच आवाज.

रोज तेच व्हायला लागलं. दिवसा तरी ऐक म्हटलं तर दिवसाही नको. शिवांजली रडली, भांडली. "कुणासाठी करतीस आई हे? गावानं सांगितलं ना लाव म्हणून!"

"गावानं माझं वरडनं ऐकलं," मनुबाई म्हणाली. "फौजेतनं आले तवापास्नं ह्यांचा शबूद कुनी खाली पडू दिला न्हाई. माज्यापायी पडला. आता पुरं."

सुभेदारानं भोंगा बंद करवला. त्या दिवशी सात वाजून गेले तशी ती बेचैन झाली. "आज भोंगा का न्हाई झाला?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, बंद केला, कायमचा. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की तो खाली बघायला लागला. "पोरांचं दहावीचं वरीस हाय," ती म्हणाली. "वाजवाय सांगा." दुसऱ्या दिवसापासून भोंगा परत सुरू झाला.

त्यानं सगळं करून बघितलं. खिडक्यांना आतून गोधड्या ठोकल्या. आवाज इतका बारीक केला, की स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येऊ नये. तो स्पीकर हातात धरून तो तिच्या उशाशी गुडघे टेकून बसला, नमाजाला बसावं तसा, आणि म्हणाला, "अगं, भाईर न्हाई जात. मी रस्त्यावर हुबं ऱ्हाऊन बघून आलोय. मला ऐकू आलं न्हाई. मला!" तिनं दातांतला पदर न काढता हात उचलला आणि स्पीकर बाजूला सारला. हातात जोर नव्हता, तरी सारला. हा राग आहे की माया आहे, ते शिवांजलीला कळेना. सुभेदाराला एवढंच कळलं, की त्याचा नियम इतक्या कडकपणे आजवर कुणीच पाळला नव्हता, त्यानं स्वतःही नाही.

पौषात, एका बुधवारी, भोंगा होऊन थोडा वेळ झाला होता. खोलीत तिघंच होती. बाहेर कुठं भांडं वाजलं तरी ऐकू यावं अशी शांतता. सुभेदार तिचा हात धरून बसला होता. हाताची पकड सैल झाली तेव्हा त्याला वाटलं, दुखणं उतरलं. त्याला बरं वाटलं. मग नाकाचा श्वास ऐकू येईना. त्यानं कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आयुष्यभर खरखरीतून आवाज शोधलेला कान. काहीच नव्हतं.

"शिवा," तो म्हणाला, "गेली."

पदर दातांत तसाच होता. शिवांजलीला तो सोडवता येईना. शेवटी सुभेदारानं एका हातानं जबडा दाबला आणि दुसऱ्या हातानं हळूहळू, एकेक पीळ मोकळा करत तो कापडाचा बोळा बाहेर काढला. दातांनी तो ठिकठिकाणी फाटला होता. त्यानं तो तिच्या खांद्यावर नीट पसरला. मग उठला, कोनाड्यातला स्पीकर आणला, खाटेवर तिच्या डोक्याशी ठेवला आणि खिडक्यांवरच्या गोधड्या ओरबाडून काढल्या.

"लाव," तो म्हणाला. "मोठ्यानं लाव. ऐकू दे गावाला."

शिवांजलीनं आईच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.

"आता कुणासाठी, आबा?"

सुभेदारानं तिच्याजवळचा मोबाईल उचलून घेतला. असे कितीतरी मोबाईल त्यानं लोकांच्या हातातून काढून घेतले होते. पण त्यात तो म्हातारा कुठं शोधायचा, ते त्याला माहीत नव्हतं.